समस्थानिक स्थिर की अस्थिर? वस्तुमानांवरून निकाल काढण्याची पद्धत, टप्प्याटप्प्याने

‘न्यूट्रॉन आणि प्रोटॉन यांचे गुणोत्तर बिघडले की अणुकेंद्रक अस्थिर होते.’ बारावीपासून बी.एस्सी.पर्यंत हे वाक्य पाठ असते. वाक्य खोटे नाही, पण त्यावरून एकाही समस्थानिकाचा (एकाच मूलद्रव्याच्या, पण ठरावीक न्यूट्रॉनसंख्येच्या अणूचा) निकाल लागत नाही. बेरिलियम-८ घ्या. ४ प्रोटॉन, ४ न्यूट्रॉन, गुणोत्तर बरोबर १, दोन्ही संख्या सम. तरीही एका सेकंदाचे १० चा १६वा घात इतके तुकडे केले, तर त्यातल्या एका तुकड्याहूनही त्याचे अर्धायुष्य (निम्मे अणू ऱ्हास पावायला लागणारा काळ) कमी भरते. उलट शिसे-२०८ मध्ये हेच गुणोत्तर १.५४ आहे आणि ते स्थिर आहे.

चूक प्रश्नाच्या मांडणीत आहे. एकट्या केंद्रकाकडे कितीही वेळ पाहिले तरी त्याची स्थिरता कळत नाही. विचारायचे असतात दोन प्रश्न: हे केंद्रक दुसऱ्या कशात बदलले तर एकूण वस्तुमान कमी होते का? आणि होत असेल, तर तो बदल प्रत्यक्षात घडायला किती काळ लागतो? पुढचे सगळे टप्पे याच क्रमाने आहेत. क्रम उलटा केला की उत्तरे चुकतात.

पूर्वतयारी: सारणी, स्थिरांक आणि वही

आकडे आंतरराष्ट्रीय अणुवस्तुमान सारणीतूनच घ्या. तिची २०२० ची आवृत्ती मोफत मिळते. व्हिएन्नाच्या आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या केंद्रक-तक्त्यावर अर्धायुष्य, स्पिन (केंद्रकाचा अंगभूत कोनीय संवेग) आणि ऱ्हासाचे प्रकारही एकत्र सापडतात.

आवर्तसारणीत मूलद्रव्याखाली छापलेला आकडा इथे निरुपयोगी आहे. क्लोरिनचे ३५.४५ हे क्लोरिन-३५ आणि क्लोरिन-३७ यांच्या नैसर्गिक मिश्रणाचे सरासरी वस्तुमान आहे. तेवढ्या वस्तुमानाचा एकही क्लोरिन अणू अस्तित्वात नाही.

वहीच्या पहिल्या पानावर हे लिहून ठेवा. वस्तुमाने अणुवस्तुमान एककात आहेत. पुढे त्याला नुसते ‘एकक’ म्हटले आहे.

न्यूट्रॉन: १.००८६६५
हायड्रोजन-१ अणू: १.००७८२५
हेलियम-४ अणू: ४.००२६०३
१ एकक = ९३१.४९४ मेगाइलेक्ट्रॉनव्होल्ट (पुढे ‘एमईव्ही’)
दोन इलेक्ट्रॉनांची वस्तुमान-ऊर्जा: १.०२२ एमईव्ही

सारणीतली वस्तुमाने संपूर्ण, उदासीन अणूची असतात, म्हणजे इलेक्ट्रॉन धरून. नुसत्या केंद्रकाची नव्हे. निम्म्याहून अधिक चुका हे विसरल्याने होतात, म्हणून ते पानाच्या डोक्यावर लाल शाईने लिहा.

दशांशानंतर किमान सहा आकडे घ्या. हायड्रोजन-३ चे वस्तुमान ३.०१६०४९ आणि हेलियम-३ चे ३.०१६०२९ आहे. चारच आकडे ठेवले तर दोन्ही ३.०१६० होतात, फरक शून्य येतो आणि किरणोत्सारी ट्रिटियम (म्हणजेच हायड्रोजन-३) कागदावर स्थिर ठरते.

तपासा: कार्बन-१४ (१४.००३२४२) वजा नायट्रोजन-१४ (१४.००३०७४) = ०.०००१६८. याला ९३१.४९४ ने गुणून ०.१५६ एमईव्ही आले, तर सारणी आणि कॅल्क्युलेटर दोन्ही ठीक आहेत. नसेल तर पुढे जाऊ नका.

टप्पा १: सम-विषम पाहा

प्रोटॉनसंख्या आणि न्यूट्रॉनसंख्या वेगवेगळ्या लिहा. न्यूट्रॉनसंख्या म्हणजे वस्तुमानांक (नावापुढचा आकडा) वजा प्रोटॉनसंख्या.

दोन्ही विषम असतील तर संशय जवळजवळ पक्का. असे स्थिर समस्थानिक चारच आहेत: हायड्रोजन-२, लिथियम-६, बोरॉन-१० आणि नायट्रोजन-१४. (टँटलम-१८० ची एक उत्तेजित अवस्था अजून ऱ्हास पावताना दिसलेली नाही, ते प्रकरण वेगळे.) सजातीय कणांची जोडी जमली की केंद्रकाची ऊर्जा थोडी खाली येते. दोन्ही संख्या विषम असल्या की एक प्रोटॉन आणि एक न्यूट्रॉन असे दोघे बिनजोडीचे राहतात, आणि एकाचे दुसऱ्यात रूपांतर झाले की जोड्या पूर्ण होतात.

सावधान: उलटे अनुमान काढू नका. दोन्ही सम म्हणजे स्थिर, असे नाही. बेरिलियम-८ आणि युरेनियम-२३८ हे दोन्ही सम-सम आहेत. २, ८, २०, २८, ५०, ८२, १२६ या ‘जादुई’ (कणांची कवचे पूर्ण भरणाऱ्या) संख्यांबाबतही तेच. ५० प्रोटॉनांच्या कथिलाचे दहा स्थिर समस्थानिक आहेत, हे खरे. पण निकेल-५६ मध्ये २८ प्रोटॉन आणि २८ न्यूट्रॉन आहेत, आणि त्याचे अर्धायुष्य अवघे सहा दिवस आहे.

टप्पा २: त्या वस्तुमानांकाचा तळ कुठे आहे?

समान वस्तुमानांकाच्या अणूंना समभारी म्हणतात. त्यांत सर्वांत कमी वस्तुमान कुठल्या प्रोटॉनसंख्येच्या आसपास असेल, याचा अंदाज आधी बांधा:

प्रोटॉनसंख्या = वस्तुमानांक ÷ (१.९८ + ०.०१५५ × वस्तुमानांकाचा दोन-तृतीयांश घात)

कंसातली पहिली संख्या जवळपास २ आहे, कारण केंद्रीय बलाला (कणांना केंद्रकात बांधणाऱ्या बलाला) प्रोटॉन-न्यूट्रॉन सारखे असलेले परवडतात. दुसरे पद प्रोटॉनांच्या विद्युत-प्रतिकर्षणामुळे येते. केंद्रीय बल लगतच्या कणांपुरतेच पोहोचते, प्रतिकर्षण मात्र प्रत्येक प्रोटॉनाचे प्रत्येक प्रोटॉनाशी असते. म्हणून केंद्रक मोठे होत जाते तसा तळ न्यूट्रॉनांच्या बाजूला सरकतो.

वस्तुमानांक १४ ला उत्तर ६.८ येते, म्हणजे नायट्रोजन. २०८ ला ८२.४, म्हणजे शिसे. कार्बन-१४ ची प्रोटॉनसंख्या ६, तळाहून कमी; म्हणून तो बीटा-ऋण ऱ्हासाने (न्यूट्रॉनचा प्रोटॉन होतो, इलेक्ट्रॉन बाहेर पडतो) वर सरकेल. प्रोटॉनसंख्या तळाहून जास्त असेल तर प्रोटॉनचा न्यूट्रॉन होतो: पॉझिट्रॉन (धनभारित इलेक्ट्रॉन) उत्सर्जनाने किंवा इलेक्ट्रॉन कॅप्चरने, म्हणजे अणूतलाच एक इलेक्ट्रॉन पकडून. या टप्प्यातून एवढी दिशाच घ्यायची.

सावधान: या सूत्रावर अंतिम निकाल देऊ नका. वस्तुमानांक १३७ ला ते ५७.३ सांगते, प्रत्यक्षात स्थिर आहे तो बेरियम, ५६. वस्तुमानांक ६० ला २७.१ येते, म्हणजे कोबाल्ट. पण कोबाल्ट-६० विषम-विषम आणि अस्थिर आहे, स्थिर आहे तो निकेल-६०. जोडीचा आणि जादुई संख्यांचा परिणाम या सूत्रात नाही, त्यामुळे एखाद्या घराची चूक होतेच.

टप्पा ३: समभाऱ्यांशी वस्तुमानाची तुलना

खरे काम इथे आहे. ज्या अणूचा विचार चालू आहे तो मध्ये लिहा, एक प्रोटॉन कमी असलेला समभारी डावीकडे, एक जास्त असलेला उजवीकडे. तिघांची वस्तुमाने सारणीतून उतरवा आणि तीन वजाबाक्या करा.

बीटा-ऋण: मधले वस्तुमान वजा उजवे.
इलेक्ट्रॉन कॅप्चर: मधले वजा डावे.
पॉझिट्रॉन उत्सर्जन: मधले वजा डावे, आणि त्यातून आणखी १.०२२ एमईव्ही वजा.

उत्तर धन आले तर ती वाट ऊर्जेच्या दृष्टीने मोकळी आहे, ऋण आले तर बंद.

इलेक्ट्रॉनांचा हिशेब एकदा नीट समजून घ्या, म्हणजे सूत्र पाठ करावे लागत नाही. बीटा-ऋण ऱ्हासात एक इलेक्ट्रॉन बाहेर पडतो, पण नव्या अणूच्या वस्तुमानात एक जास्तीचा इलेक्ट्रॉन आधीच मोजलेला असतो. हिशेब आपोआप जुळतो, वेगळे काही वजा करायचे नाही. पॉझिट्रॉन उत्सर्जनात उलटे होते: नव्या अणूला एक इलेक्ट्रॉन कमी लागतो, म्हणून जुना एक उरतो, शिवाय एक पॉझिट्रॉन नव्याने तयार होतो. दोन्हींचा खर्च मिळून १.०२२.

सोडियम-२२: २१.९९४४३७ वजा निऑन-२२ चे २१.९९१३८५ = ०.००३०५२ एकक, म्हणजे २.८४३ एमईव्ही. इलेक्ट्रॉन कॅप्चर शक्य. १.०२२ वजा करून १.८२१ उरतात, म्हणून पॉझिट्रॉनही शक्य.

बेरिलियम-७: ७.०१६९२९ वजा लिथियम-७ चे ७.०१६००३ = ०.०००९२६ एकक, सुमारे ०.८६२ एमईव्ही. हे १.०२२ हून कमी आहे. म्हणजे पॉझिट्रॉनची वाट बंद, फक्त इलेक्ट्रॉन कॅप्चर उरते; अर्धायुष्य सुमारे ५३ दिवस. याचा एक विलक्षण परिणाम होतो: सगळे इलेक्ट्रॉन काढून टाकलेले बेरिलियम-७ चे उघडे केंद्रक ऱ्हास पावूच शकत नाही, कारण पकडायला इलेक्ट्रॉनच नसतो. ‘दोन्ही प्रक्रियांनी प्रोटॉनचा न्यूट्रॉन होतो, मग फरक काय?’ या प्रश्नाला याहून चांगले उत्तर नाही.

पोटॅशियम-४०: ३९.९६३९९८. डावीकडे अरगॉन-४०, ३९.९६२३८३, उजवीकडे कॅल्शियम-४०, ३९.९६२५९१. दोन्ही हलके. कॅल्शियमकडे १.३११ एमईव्ही, अरगॉनकडे १.५०४ एमईव्ही. हा अणू दोन्ही बाजूंना ऱ्हास पावतो: सुमारे ८९ टक्के कॅल्शियमकडे, ११ टक्के अरगॉनकडे. ज्या वाटेला ऊर्जा जास्त तीच वाट जास्त वापरली जाईल, हा समज इथेच सोडून द्या.

सम वस्तुमानांकात असे वारंवार होते. सम-सम समभारी खाली, विषम-विषम वर, अशा दोन रेषा पडतात. वस्तुमानांक ९८ ला मॉलिब्डेनम ९७.९०५४०४, टेक्नेशियम ९७.९०७२११, रुथेनियम ९७.९०५२८७. मधले टेक्नेशियम दोन्ही शेजाऱ्यांहून जड आहे. टेक्नेशियमच्या इतर वस्तुमानांकांनाही कुठला ना कुठला शेजारी हलका निघतोच, म्हणून या मूलद्रव्याचा एकही स्थिर समस्थानिक नाही. मॉलिब्डेनम-९८ रुथेनियम-९८ हून किंचित जड आहे, पण मधली पायरी उंच असल्याने त्याला दोन बीटा एकदम द्यावे लागतील. तसे होताना अजून दिसलेले नाही.

सावधान: वस्तुमानाऐवजी बंधनऊर्जा (केंद्रकाचे सगळे कण सुटे करायला लागणारी ऊर्जा) वापरू नका. हायड्रोजन-३ ची एकूण बंधनऊर्जा ८.४८२ एमईव्ही, हेलियम-३ ची ७.७१८. बंधनऊर्जा जास्त म्हणजे अधिक स्थिर म्हटले तर ट्रिटियम स्थिर ठरते, आणि ते चूक आहे. न्यूट्रॉन हा हायड्रोजन अणूहून ०.७८२ एमईव्हीने जड असतो. हेलियम-३ च्या बंधनऊर्जेतून हायड्रोजन-३ ची वजा करून तो फरक मिळवला की उत्तर धन होते: ०.०१८ च्या वर. दर कणामागची बंधनऊर्जा तर आणखी फसवी. हायड्रोजन-२ ला ती केवळ १.११ एमईव्ही आहे आणि ते स्थिर आहे. युरेनियम-२३८ ला ७.५७ आहे आणि ते अल्फाकण (हेलियम-४ चे केंद्रक) बाहेर टाकते.

टप्पा ४: तुकडे पडतात का?

शेजारी हलका नसला तरी काम संपत नाही. अल्फासाठी: जनक (ऱ्हास पावणाऱ्या) अणूचे वस्तुमान, वजा प्रोटॉनसंख्या २ ने व वस्तुमानांक ४ ने कमी असलेल्या अणूचे वस्तुमान, वजा ४.००२६०३.

रेडियम-२२६: २२६.०२५४१० − २२२.०१७५७८ − ४.००२६०३ = ०.००५२२९ एकक, ४.८७ एमईव्ही. इथे अल्फाकणाचे स्वतःचे वस्तुमान, ४.००१५०६, वापरले तर उत्तर ५.८९ येईल, कारण दोन इलेक्ट्रॉन हिशेबातून गळतात.

तपासा: सारणीत रेडियम-२२६ च्या मुख्य अल्फाकणाची ऊर्जा ४.७८ दिसते, ४.८७ नाही. तुमचे गणित चुकलेले नाही. रेडॉनचे केंद्रक मागे ढकलले जाते आणि थोडी ऊर्जा नेते. ४.८७ × २२२ ÷ २२६ करून पाहा.

बेरिलियम-८ चे कोडे याच टप्प्यावर सुटते: ८.००५३०५ वजा दोन हेलियम अणू (८.००५२०६) = ०.००००९९ एकक, सुमारे ०.०९ एमईव्ही. त्यात सम-सम असण्याचा दोष नाही. हेलियम-४ स्वतः इतके घट्ट बांधलेले आहे, की दोन सुटे हेलियम एका बेरिलियमहून हलके पडतात. हलक्या केंद्रकांत एक न्यूट्रॉन किंवा एक प्रोटॉन सुटा होतो का, हेही बघा. हेलियम-५ (५.०१२०५७) हे हेलियम-४ आणि न्यूट्रॉन यांच्या बेरजेहून (५.०११२६८) जड आहे, म्हणून ते टिकत नाही.

टप्पा ५: वाट मोकळी, पण चालायला किती काळ?

शिसे-२०८ साठी अल्फाचे गणित करा. सुमारे ०.५२ एमईव्ही, धन! तरी शिशातून अल्फा बाहेर येताना कोणी पाहिलेला नाही. ‘उत्तर धन म्हणजे किरणोत्सारी’ असे लिहिणारे इथे अडकतात. धन उत्तर ही परवानगी आहे, वेग नव्हे.

अल्फाकणाला प्रतिकर्षणाचा अडथळा भेदून जावे लागते आणि त्याची शक्यता ऊर्जेवर कमालीची अवलंबून असते. थोरियम-२३२ ला ४.०८ एमईव्ही मिळतात. अर्धायुष्य सुमारे १,४०० कोटी वर्षे. पोलोनियम-२१२ ला ८.९५ मिळतात, अर्धायुष्य सेकंदाच्या दशलक्षांश भागाचे सुमारे ०.३. ऊर्जा दुप्पट-सव्वादुप्पट, आणि काळात २० हून अधिक शून्यांचा फरक.

बीटा ऱ्हासात मुख्य ब्रेक स्पिनचा. जनक आणि जन्य केंद्रकांच्या स्पिनमध्ये जितकी मोठी उडी, तितका ऱ्हास मंद. पोटॅशियम-४० चा स्पिन ४, कॅल्शियम-४० आणि अरगॉन-४० यांच्या मूळ अवस्थांचा ०. एका एमईव्हीहून जास्त ऊर्जा हाताशी असूनही त्याचे अर्धायुष्य सुमारे १२५ कोटी वर्षे आहे, ते यामुळेच. म्हणूनच ते पृथ्वीच्या जन्मापासून शिल्लक आहे आणि बटाट्यात, केळ्यात, आपल्या शरीरातही आहे.

कोबाल्ट-६० मध्ये वेगळी गफलत होते. त्यातून निकेल-६० कडे २.८२३ एमईव्ही मिळतात, पण बहुतेक सर्व ऱ्हासांत बीटाकणाला जास्तीत जास्त ०.३१८ च मिळतात. कारण स्पिन जुळावा म्हणून तो निकेलच्या उत्तेजित अवस्थेत उतरतो आणि उरलेली ऊर्जा १.१७३ आणि १.३३२ एमईव्हीच्या दोन गॅमांमधून जाते. तिघांची बेरीज करून पाहा, २.८२३ येते. लासलगावच्या ‘कृषक’ केंद्रात शेतमालावर विकिरण प्रक्रिया होते ती याच गॅमा किरणांनी. समस्थानिकाची ऱ्हास-ऊर्जा आणि बीटाची ऊर्जा एकच मानणाऱ्याला हा उपयोगच समजणार नाही.

तपासा: नैसर्गिक पोटॅशियममध्ये पोटॅशियम-४० चे प्रमाण ०.०११७ टक्के. अर्धायुष्य सेकंदांत बदला, ०.६९३ ला त्याने भागा आणि १ ग्रॅम पोटॅशियममधल्या पोटॅशियम-४० अणूंच्या संख्येने गुणा. सेकंदाला ३१-३२ ऱ्हास यायला हवेत.

टप्पा ६: निकाल नेमक्या शब्दांत लिहा

‘स्थिर’ या एका शब्दाखाली दोन वेगळ्या गोष्टी दडतात. टप्पा ३ आणि ४ मधली सगळी उत्तरे ऋण आली, तर ‘या वाटांना ऊर्जा नाही’ असे लिहा. एखादे धन आले पण ऱ्हास कधीच दिसला नसेल, तर ‘ऱ्हास आढळलेला नाही’ असे लिहा. शिसे-२०८ आणि मॉलिब्डेनम-९८ याच गटातले. ऱ्हास मोजला गेला असेल तर किरणोत्सारी, अर्धायुष्य कितीही लांब असो. बिस्मथ-२०९ अनेक वर्षे स्थिरांच्या यादीत होते. अल्फाचे गणित ३.१४ एमईव्ही दाखवतच होते. २००३ साली फ्रान्समध्ये तो ऱ्हास पकडला गेला. अर्धायुष्य २ च्या पुढे १९ शून्ये इतकी वर्षे.

उत्तर सारणीशी जुळत नसेल तर

फरक किती आहे ते आधी मोजा. चूक कुठली ते त्या आकड्यावरूनच कळते.

०.५११ चा फरक: बीटा-ऋणमध्ये एक इलेक्ट्रॉन विनाकारण वजा केला, किंवा पॉझिट्रॉनच्या वेळी दोनऐवजी एकच वजा केला.

१.०२२ चा फरक: पॉझिट्रॉनचे दोन्ही इलेक्ट्रॉन विसरले, किंवा हेलियम अणूऐवजी अल्फाकणाचे वस्तुमान घेतले.

०.७८२ चा फरक: वस्तुमानाऐवजी बंधनऊर्जांची वजाबाकी केली.

शेकडो एमईव्ही: एखाद्या अणूचा वस्तुमानांक चुकला, सारणीतली शेजारची ओळ वाचली गेली.

बरोबर हजारपट: सारणीतला ‘वस्तुमान-आधिक्य’ (अणूचे वस्तुमान वजा वस्तुमानांक, ऊर्जेत मांडलेले) हा स्तंभ वाचला आहे, तो किलोइलेक्ट्रॉनव्होल्टमध्ये असतो. तो वापरायला हरकत नाही, उलट सोयीचा आहे, फक्त ९३१.४९४ ने गुणू नका आणि ऋण चिन्हे सांभाळा. पोटॅशियम-४० चे आधिक्य उणे ३३,५३५, अरगॉन-४० चे उणे ३५,०४०. पहिल्यातून दुसरे वजा केले की १,५०५ येतात, म्हणजे पूर्णांकनाचा किरकोळ फरक सोडला तर टप्पा ३ मधले तेच १.५०४ एमईव्ही.